उसनी घड्याळे आणि बोसांचा वारसा

‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये अवकाशात गेला. जानेवारी २०१७ पर्यंत त्यावरील तिन्ही अणुघड्याळे बंद पडली होती. उपग्रह कक्षेत फिरत होता. पण अचूक वेळ सांगणे त्याला शक्य नव्हते आणि म्हणून स्थान सांगणेही. सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. ही घड्याळे परदेशातून विकत आणलेली होती.

अहमदाबादच्या ‘स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटर’ने घडविलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी ‘एनव्हीएस-०१’ उपग्रहासोबत झेपावले. हे यश निर्विवाद मोठे आहे. मात्र अणूंकडून घ्यावयाच्या कामाची ही पहिलीच पायरी होय.

पुढची पायरी गुरुत्वमापनाची. लेसरच्या साहाय्याने अणूंची गती जवळजवळ थांबविली की ते लहरींप्रमाणे वागू लागतात आणि त्यांच्या पडण्यातील सूक्ष्म फरकावरून गुरुत्वाकर्षणातील चढउतार मोजता येतो. पृथ्वीवर हे अणू क्षणार्धात तळाशी पोहोचतात. अवकाशात मोजणीला अधिक अवधी मिळतो. भूजल, हिमनग, ग्रहांचे अंतरंग असे सारे यातून उलगडू शकते. अमेरिकेच्या ‘नासा’ने असे उपकरण या दशकाअखेरीस अवकाशात धाडण्याचा मनोदय २०२५ मध्ये जाहीर केला.

याचे भारताला काय, असे कोणी विचारील. राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून २००२ ते २००८ या काळात १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले, हा २००९ मधील निष्कर्ष अमेरिका व जर्मनीच्या ‘ग्रेस’ या जोड-उपग्रहांच्या गुरुत्वमापनावरून निघाला. आपल्या पायाखालचे पाणी किती आटले, हे परक्यांच्या उपकरणांनी सांगावे!

आणि या विद्येचे एक मूळ तर भारतीय आहे. ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या गणितातून पुढे आइन्स्टाइन यांनी अतिशीत अणूंच्या त्या विलक्षण अवस्थेचे भाकीत केले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील अमेरिकी प्रयोगशाळेत २०१८ पासून ती अवस्था निर्माण केली गेली. नाव बोसांचे, यंत्र दुसऱ्यांचे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्यातील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. क्वांटम संगणकाचा गाजावाजा होतो तितका या केंद्राचा होत नाही, ही खेदाची गोष्ट. अभियानाची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. त्याआधी कोणते भारतीय उपकरण, कोणत्या यानावरून अवकाशात जाणार, हे पवई आणि ‘इस्रो’ यांनी एकत्र बसून ठरवावे व देशाला सांगावे.