एका रेघेची साक्ष

श्रावण सरत आला की आपल्या खारेपाटणच्या घराघरांत गणपतीची लगबग सुरू होते. मुंबईहून चाकरमानी येतात आणि गर्दीच्या प्रवासातून कधी कधी फ्लूही सोबत येतो. घरातील आजी-आजोबांना ताप भरतो. नाकातील स्रावाची झटपट चाचणी होते, पट्टीवर एकच रेघ उमटते आणि सारे निर्धास्त होतात. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे फ्लू नाही,’ हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरू शकतो. तो का, हे त्या पट्टीची घडण पाहिली की उमगते.

विषाणूच्या विशिष्ट भागाला नेमकी चिकटणारी प्रथिने आपले शरीर तयार करते. ती म्हणजे प्रतिपिंडे. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि अखंड वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग घडवून, हवे ते एकच प्रतिपिंड प्रयोगशाळेत अमर्याद मिळवण्याची रीत कोलर व मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

झटपट चाचणीच्या पट्टीत अशीच प्रतिपिंडे असतात. विषाणूच्या अंतर्भागातील एका प्रथिनाला ती धरून ठेवतात आणि दुसरी रंगीत रेघ उमटते. पहिली रेघ केवळ चाचणी नीट चालल्याची खूण असते. दुसरी रेघ दिसण्यास स्रावात पुरेसा विषाणू असावा लागतो. मोठ्या माणसांच्या नाकात तो मुलांच्या मानाने कमी असतो. त्यातच नमुना उशिरा किंवा वरवर घेतला गेला, तर रेघ उमटत नाही. फ्लू असलेल्या शंभरांपैकी साधारण ५० ते ७० जणांनाच ही चाचणी ओळखते. म्हणून रेघ उमटली तर ती बहुधा विश्वासार्ह, न उमटली तर मात्र निर्णय अपुरा. आरटी-पीसीआर चाचणी अधिक खात्रीची असली, तरी तिच्या निकालास वेळ लागतो.

विषाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिने सतत रूप पालटतात. नवा विषाणू जुन्यापासून किती दुरावला, हे तपासण्यासही प्रयोगशाळांत प्रतिपिंडेच लागतात. अशा तपासणीवरून लशीचे घटक ठरतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ती याचमुळे.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला, तेव्हा राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर नमुन्यांचा मोठा भार पडला. त्या काळातील केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना आजही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत: फ्लूची लक्षणे असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीस, तसेच मधुमेह, हृदय, फुप्फुस वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास, चाचणीवाचूनही ओसेल्टामिविर द्यावे. हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. अर्थात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

म्हणून ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझे सांगणे असे, की पट्टीपेक्षा माणसाकडे पाहा. वृद्धांना ताप फारसा चढत नाही. अन्नावरची वासना जाणे, एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, उठताना तोल जाणे, हीच कधी कधी पहिली लक्षणे असतात. धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा गुंगी आली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

उमटलेल्या रेघेची साक्ष जरूर मानावी. पण न उमटलेल्या रेघेच्या भरवशावर ते ४८ तास दवडू नयेत.