नटबोल्ट : सेल्फची बॅटरी वेगळी, फ्रिजची वेगळी

मंडळी, यंदा या सदराकडे आलेला सर्वांत मोठा प्रश्न अक्षरशः छत्तीस फूट लांब आहे. मिनेसोटातल्या एका मराठी जोडप्याने लिलावात जुनी पिवळी स्कूल बस घेतली. बाकं काढून आत पलंग, ओटा, बाथरूम असं घर थाटलं. पुढच्या सप्टेंबरात मुलाचे आईबाबा भारतातून येतील तेव्हा त्यांना घेऊन यलोस्टोनला जायचा बेत आहे. बसच्या मूळच्या दोन्ही बॅटऱ्या मात्र पार उतरल्या आहेत. नव्या कोणत्या घ्यायच्या यावर घरात तीन मतं आहेत, आणि त्यात आईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं आहे. त्यांच्या परवानगीने प्रश्न इथे घेतो, कारण बस नसली तरी यातलं बरंचसं तुमच्या पिकअपला आणि बोटीलाही लागू पडेल.

तीन मतं अशी. नवरा म्हणतो, ट्रकवाले वापरतात ती ८डी नावाची एकच अवाढव्य बॅटरी घेऊ. पुण्याहून धाकटा दीर सांगतो, आमच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर वर्षानुवर्षं चालते, तुम्हीही तिकडची डीप सायकल घ्या. बायको म्हणते, चार बॅटऱ्या एकत्र जोडा, बसही त्यांच्यावर आणि फ्रिजही त्यांच्यावर, म्हणजे इन्सुलिनची चिंता मिटली.

आधी सेल्फवर किती भार येतो ते पाहू. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. सेल्फ रेंगाळत फिरला तर दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या थंडगार भिंती खाऊन टाकतात आणि डिझेलचा नुसता पांढरा धूर बाहेर पडतो. यांच्या बसमध्ये डीटी ४६६ई हे सहा सिलिंडरचं इंजिन आहे. ४६६ घन इंच, म्हणजे ७.६ लिटर. त्याचे इंजेक्टर तेलाच्या जोरदार दाबावर चालतात, आणि तो दाब इंजिन पुरेशा वेगाने फिरल्याशिवाय तयार होत नाही. म्हणजे बॅटरी अशक्त असली की नुकसान दुहेरी.

आपल्याकडे एसटीचे ड्रायव्हर अशी गाडी रात्री उतारावर लावून ठेवायचे आणि सकाळी धक्का स्टार्ट. इथे तो मार्ग बंद आहे. या बसचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, त्यामुळे चाकं फिरवून इंजिन फिरत नाही. शिवाय ब्रेक हवेचे, आणि टाकीत हवा नसली की मागचे ब्रेक स्प्रिंगच्या जोराने घट्ट बसतात. चाळीस माणसं जमवली तरी बस जागची हलायची नाही. म्हणून बॅटरीला पर्याय नाही.

आता बॅटरीवरचा आकडा. सीसीए म्हणजे शून्य फॅरनहाइटला, अर्थात उणे १८ सेल्सिअसला, नवी भरलेली बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देते आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, त्याचं माप. शेजारीच सीए किंवा एमसीए असा मोठा आकडा छापलेला असतो. तो ३२ फॅरनहाइटचा, म्हणजे शून्य सेल्सिअसचा. दुकानात तो पाहून हुरळून जाऊ नका. मिनेसोटाच्या जानेवारीत सीसीएच उपयोगाचा, कारण त्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच तेल काकवीसारखं घट्ट होतं. इंजिनाच्या पुस्तकात किमान सीसीए दिलेला असतो. त्याच्या खाली जाऊ नका.

दिराचं म्हणणं इन्व्हर्टरपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. तिथे थोडा करंट तासन्‌तास हवा असतो, म्हणून प्लेटा जाड आणि मोजक्या. सेल्फला काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर लागतात, म्हणून सुरुवातीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ, म्हणजे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग मोठा. त्याच वजनाची डीप सायकल सेल्फला तेवढा जोर देणार नाही. उलट पातळ प्लेटांची बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरवली तर लवकर संपते. बायकोची सगळं एकत्र जोडण्याची कल्पना इथेच अडते. रात्रभर फ्रिज चालला की सकाळी सेल्फ नाही, आणि बस सुरू झाली नाही की अल्टरनेटरही नाही. मग फ्रिजही बंद.

८डीमध्ये जोर भरपूर, पण वजन ६० ते ७० किलो. ती एकट्याने ट्रेमधून काढणं म्हणजे कंबरेशी वैर. आणि एकच असल्यामुळे ती गेली की सगळं गेलं.

माझा सल्ला असा. ग्रुप ३१ मापाच्या, सुरुवातीसाठीच बनवलेल्या दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये घ्या. प्रत्येकी ३० किलोच्या आसपास, म्हणजे उचलता येतात. प्रत्येकीचा सीसीए ९५० असला तर दोन्ही मिळून १९००. एक दगावली तर ती सोडवून, दुपारी ऊन पडल्यावर दुसरीवर प्रयत्न तरी करता येतो. दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच तारखेच्या हव्यात. जुनीला नवी जोडली की जुनी नवीला ओढून खाली आणते. ग्रुप ३१ मध्ये स्क्रूच्या दांड्याचे आणि गोल खुंटीचे असे दोन प्रकारचे टर्मिनल मिळतात. तुमच्या केबलचं टोक बघूनच घ्या. पॉझिटिव्ह केबल एका बॅटरीवरून काढा आणि निगेटिव्ह दुसरीवरून, म्हणजे भार सारखा वाटला जातो.

एजीएम घ्यायची का? ती हादरे छान सोसते आणि पडून राहिली तर हळू उतरते, पण किंमत बरीच जास्त. तुमची बस अंगणातच उभी असते, शेजारी वीज आहे. साध्या बॅटऱ्या घ्या, त्यांना मेंटेनर चार्जर लावून ठेवा आणि वाचलेले पैसे केबलवर घाला. वीस वर्षांच्या बसमध्ये पुष्कळदा बॅटरीपेक्षा गंजलेलं अर्थिंगच जास्त त्रास देतं. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलमध्ये आहे, बॅटरी बदलून उपयोग नाही. थंडीत ब्लॉक हीटर काही तास आधी लावला की सेल्फचं काम निम्मं होतं. आणि बॅटरी उतरलेली ठेवून हिवाळ्यात बस विसरू नका. भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे ७-८ सेल्सिअसलाच गोठून फुटू शकते.

आता आईंचा फ्रिज. त्याला घरची बॅटरी पूर्ण वेगळी. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास घेतो, म्हणून १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस निभावते. तिच्यात आणि सेल्फच्या बॅटऱ्यांमध्ये डीसी टू डीसी चार्जर बसवा. इंजिन चालू असताना तो घरची बॅटरी भरतो, इंजिन बंद झालं की वाट अडवतो. लिथियम बॅटरी बसच्या आतच ठेवा, कारण शून्याखाली तिला चार्ज केलं की ती कायमची बिघडते. सेल्फच्या बॅटऱ्या मात्र बाहेरच्या ट्रेमध्येच हव्यात. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, पलंगाखाली त्यांना जागा नाही.

यलोस्टोनमध्ये सप्टेंबरच्या रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो आणि बऱ्याच भागात फोन लागत नाही. म्हणून निघण्याआधी ऑगस्टमध्येच दोन रात्री अंगणात बसमध्ये झोपा. वायर काढून, फक्त घरच्या बॅटरीवर फ्रिज चालवा आणि सकाळी सेल्फ मारा. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, कारण इन्सुलिन तापलेलं चालत नाही तसंच गोठलेलंही चालत नाही. ते बर्फाच्या पिशवीला किंवा फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटू देऊ नका. जास्तीच्या पेनांबद्दल आईंच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

जुन्या बॅटऱ्या दुकानात परत द्या, कोअर डिपॉझिट परत मिळतं. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी, आणि डोळ्यांवर चष्मा. दिराला सांगा, त्याचा सल्ला वाया गेलेला नाही. जास्त वेळ पुरणारी बॅटरी बसमध्ये हवीच, फक्त ती फ्रिजला जोडायची.