सोपवण्याची वेळ



जिल्हा रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक शिस्त अंगी बाणवली गेली. ड्यूटी संपली म्हणून घरी जाता येत नाही. आधी ‘ओव्हर’ द्यावा लागतो. पुढच्या पाळीच्या सिस्टरला घेऊन प्रत्येक खाटेपाशी जायचे आणि सांगायचे : यांचे सलाईन इतके उरले आहे, यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे आजोबा रात्री घाबरतात, दिवा मालवू नका. तिने सारे ऐकून घेतले की मगच आपली सुटका. पुढे माझे काम दोनदा बदलले, परंतु या शिस्तीचे खरे मोल मला रुग्णालयाबाहेरच उमगले.

आमच्या वॉर्डात एक वृद्धा शय्याव्रण घेऊन वारंवार दाखल होत. आम्ही जखम भरून आणावी, घरी पाठवावे आणि महिन्याभरात त्यांनी पुन्हा यावे. सुनेला मी कूस बदलण्याची पद्धत तीनदा शिकवली. चौथ्या वेळी ती शांतपणे म्हणाली, “सिस्टर, मला सगळं येतं. पण रात्री मी एकटीच असते, आणि मलाही झोप लागते.” उणीव ज्ञानाची नव्हती, दुसऱ्या हातांची होती. घरातले इतर हात कोठे होते, हा प्रश्न मला कुटुंबोपचाराच्या अभ्यासाकडे घेऊन गेला.

त्या अभ्यासात कॅनडातील लॉरेन राइट आणि मॉरीन लेही या दोघींच्या लेखनाने मला वाट दाखवली. दोघीही मूळच्या परिचारिका. कुटुंब आणि परिचर्या यांची सांगड घालणारा त्यांचा ग्रंथ 1984 साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाच्या पिढ्यांचा आराखडा कागदावर काढावा, कोणाचे कोणाशी बोलणे आहे ते पाहावे, आणि ‘एकाच प्रश्नाचे उत्तर मिळणार असेल, तर आपण कोणता प्रश्न विचाराल?’ असे प्रत्येकाला पुसावे, ही त्यांची रीत.

हाच प्रश्न मी एकदा शहात्तर वर्षांच्या एका मातेला विचारला. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता होती. सोबत दोन्ही विवाहित मुली बसल्या होत्या. बाई बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिल्या. मग म्हणाल्या, “हा माझ्याआधी गेला तर बरं, असं मनात येतं. असं वाटणारी मी कसली आई?” खोलीत कोणी हलले नाही. थोड्या वेळाने थोरली मुलगी म्हणाली, “आई, तू आम्हाला कधी विचारलंच नाहीस गं. आम्हाला वाटायचं, त्याला दुसऱ्या कोणाच्या हातात देणं तुला आवडणार नाही.”

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात असा विचार येऊन गेला असेल. तो क्रौर्यातून येत नाही. ज्याला कोणावरही भार सोपवता आलेला नाही, अशा थकलेल्या मायेची ती भीती असते.

पुढे दिव्यांगांच्या एका निवासी संस्थेची जबाबदारी माझ्याकडे आली. एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी पन्नाशीच्या एका गृहस्थांना आणून सोडले. आई पूर्वीच गेली होती, वडील त्याच आठवड्यात. गृहस्थांना बोलता येत नव्हते. मी प्रवेशाचे कागद काटेकोर पूर्ण केले, पण औषधांची चौकशी सकाळवर टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांना फीट आली. ते फिटच्या गोळ्या घेत असल्याचे आम्हाला ठाऊकच नव्हते. वॉर्डात शिकलेला पहिला धडा मी खुर्चीत बसून विसरले होते, याची रुखरुख आजही आहे. पुढे चार दिवस ते जेवेनात. पाचव्या दिवशी दूरच्या पुतणीचा फोन आला : “काकांच्या शेजारी बसून आधी आपण घास खायचा, मग ते जेवतात.” वडिलांनी ही एवढी ओळ कोठे लिहून ठेवली असती, तर!

म्हणून आपल्याला तीन गोष्टी सुचवते.

पहिली, एक वही करावी. औषधांची नावे व वेळा, भीती कशाची, आनंद कशाचा, जेवण्याची व झोपण्याची रीत, हे सारे तीत लिहावे आणि वही कोठे आहे ते दोघांना तरी सांगावे.

दुसरी, सराव करावा. आठवड्यातील एक संध्याकाळ, पुढे एक रात्र, आपल्या माणसाची काळजी दुसऱ्याला घेऊ द्यावी. ते चुकतील, ओशाळतील, शिकतील. आपण हयात आणि हाकेच्या अंतरावर असतानाच त्यांना चुकू द्यावे.

तिसरी, कागदपत्रे. अपत्य अठरा वर्षांचे झाले की आई-वडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालक-नियुक्तीचा अर्ज करता येतो. आपण शासकीय निवृत्तिवेतनधारक असाल, तर दिव्यांग अपत्याचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोंदले आहे का, याचीही खातरजमा करावी.

त्या मातेची धाकटी लेक पुढे दर शनिवारी भावाला आपल्या घरी नेऊ लागली. पहिल्या शनिवारी बाईंनी सात वेळा फोन केला. महिन्याभराने त्या मला भेटल्या तेव्हा किंचित संकोचून म्हणाल्या, “काल दुपारी मी चक्क तीन तास झोपले.”

आज रात्री वहीचे पहिले पान लिहावे. आपल्या माणसाला घास कसा भरवतात, एवढेच लिहिले तरी आरंभ झाला.