जामीन कोण राहील?

नोकरीची एकतीस वर्षं बँकेत गेली, त्यांतली बरीचशी कर्जविभागात. समोरच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या माणसाला मी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच, "जामीन कोण?" या दोन शब्दांनी माणसांचे चेहरे कसे उतरतात, ते मी फार जवळून पाहिलं आहे.

त्यांतला एक चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तालुक्याच्या गावच्या शाखेत होतो. शिलाई यंत्रासाठी कर्ज मागायला एक विधवा बाई आल्या. आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायच्या. कागद व्यवस्थित होते, जामीन मात्र नव्हता. मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे बरोबरच केलं. मला स्वतःला जामीन राहणं शक्य नव्हतं. पण गल्लीतली चार माणसं राहू शकली असती आणि चौघांशी माझं उठणं-बसणं होतं. मी एकालाही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्या दारावरूनच घरी गेलो.

पुढे एका ख्रिस्ती सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला येशूची शोमरोन्याची गोष्ट सांगितली. अनेकांना ती ठाऊक असेल. एका शास्त्रीबुवांनी येशूला विचारलं, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल त्याने ही गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर चोरांनी एकाला लुटून अर्धमेला करून टाकलं. याजक आला आणि बगल देऊन गेला. लेवीही तसाच गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना कमी लेखत त्यांतला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, रात्रभर सेवा केली.

प्रवचनात गोष्ट बहुधा इथे संपते. माझ्यातल्या बँकवाल्याला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटला. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले (म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी) आणि सांगितलं, जास्त लागलं तर खर्च कर, परत येईन तेव्हा फेडीन. आमच्या भाषेत ही चक्क जामीनकी झाली, आणि तीही रकमेची मर्यादा न घालता! दया आली म्हणून तो थांबला असेल. पण त्या जखमी माणसाला वाचवलं ते त्याच्या शब्दाने.

गंमत अशी, की त्याच बायबलातलं नीतिसूत्रांचं पुस्तक जामीन राहण्याविषयी कडक इशारे देतं. तेही खोटं नाही. मित्राच्या कर्जापायी घर गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. मग प्रीती करायची कशी, आणि बुडायचं नाही ते कसं?

याचं व्यवहारी उत्तर जर्मनीतल्या एका श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाने शोधलं. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन त्याचं नाव. 1846-47च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा तो वायरबुश या खेड्याचा महापौर होता. सरकारी पीठ आलं, पण रोख पैसे घेऊनच वाटायचं, असा हुकूम. उपाशी माणसाकडे रोकड कुठली? राइफायझनने ते उधारीवर वाटलं आणि गावातल्या सुखवस्तू लोकांना एकत्र करून सामायिक भट्टी उभारली.

नंतर त्याच्या ध्यानात आलं, की श्रीमंतांच्या दानावर चालणारं काम श्रीमंत थकले की थकतं. 1864 साली हेडेसडोर्फ इथे त्याने पतसंस्था काढली ती गरजूंनाच सभासद करून. कार्यक्षेत्र एका गावाच्या टापूएवढं, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. आणि जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाच्या कर्जाला सगळे जामीन! एकट्याच्या मानेवर जे जोखड जड होतं, ते सगळ्या गावाने खांद्यावर घेतलं. शिवाय प्रत्येकाची सही गुंतल्यामुळे कुणाची गाय आजारी आहे, कुणाचं पीक बुडालं, याची चौकशी आपोआप होऊ लागली. सावकाराच्या दारी जाणाऱ्या पावलांना शेजारचं दार सापडलं.

हे बियाणं आपल्याकडेही आलं. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी आपल्या अहवालात या पद्धतीचा आग्रह धरला आणि 1904 साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. 1918 साली वसईच्या कॅथलिक समाजाने स्वतःची पतपेढी उभी केली. तिची आज मोठी बँक झाली आहे. बचत गटातल्या बायका एकमेकींच्या हप्त्याची काळजी वाहतात, तेव्हा त्यांना राइफायझनचं नाव ठाऊक नसतं, पण रीत तीच असते.

मला वाटतं, शेजारधर्म हा असा सहीचा धर्म आहे. हळहळ व्यक्त करायला काही पडत नाही. सही करायची तर शेजाऱ्याची माहिती काढावी लागते. शेजारच्या एकट्या आजींच्या औषधांची यादी आपल्या घरी आहे का? त्यांच्या दाराची जादा किल्ली? मध्यरात्री त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं, तर अर्जावर आपलं नाव लिहायची आपली तयारी आहे का? आणि शेजारी वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा असला तरी? गोष्टीतला शोमरोनी परकाच होता, हे विसरून चालणार नाही.

त्या बाईंनी पुढे सावकाराकडून पैसे घेतले. दोन वर्षांनी यंत्रही गेलं आणि त्यांनी गल्लीही सोडली. त्यांच्या अर्जावरचा माझा शेरा अगदी नियमाला धरून होता. आज वाटतं, त्या दिवशी जामीन शोधायचं काम त्यांचं एकटीचं नव्हतं. मी त्यांचा शेजारी होतो.