मुरड

दिवाळीच्या आधी माळा झाडायला घेतला की घराचा इतिहास हळूहळू खाली उतरू लागतो. यंदा इस्लापूरला माझ्या मामेभावाच्या सुनेच्या हाती अशीच एक वस्तू लागली. तिने फोटो पाठवला आणि खाली विचारले, "काका, हे शेवयांचे यंत्र आहे का? फिरवायची मूठ आहे, मेजाला आवळायचा स्क्रू आहे. पण शेवया पडायला भोके कुठेच नाहीत!"

फोटो पाहून आधी हसू आले, आणि मग हसू आपोआप मावळले. ते यंत्र शेवयांचे नव्हे. काडतुसाला मुरड घालण्याचे आहे. या सदरातून मी वर्षभर अडकित्त्याच्या, जात्याच्या, चरकाच्या गोष्टी सांगितल्या. या हत्याराची गोष्ट मात्र साठाहून अधिक वर्षे पोटात ठेवली आहे. आज दिवाळीच्या निमित्ताने ती सांगून मोकळा होतो.

इस्लापूर हे आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले गाव. पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा तिथून जवळच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग, किनवट आणि राजुरा तालुक्यांबरोबर, मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. सरकारे बदलली, कचेरीतली भाषा बदलली. रानडुकरांना मात्र त्याची काही खबर नव्हती. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की ती पूर्वीसारखीच रानातून खाली उतरत आणि एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा करून जात.

म्हणून मामांकडे बंदूक होती. रीतसर परवान्याची, एकनळी, बारा बोअरची. 'बारा बोअर' हा शब्द आपण नेहमी ऐकतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचे तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटरचे. विकतचे काडतूस महाग पडे, म्हणून मामा उडालेली काडतुसे जपून ठेवीत आणि दिवाळीच्या सुमारास ओसरीवर बसून ती पुन्हा भरीत.

त्या काळचे काडतूस म्हणजे कागदाचे जाड नळकांडे. बुडाला पितळेचे टोपण आणि त्याच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी. आत सगळ्यांत खाली दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची जाड चकती, तिच्यावर शिशाचे छर्रे आणि शेवटी पातळ पुठ्ठ्याचे झाकण. विकतच्या काडतुसाच्या या झाकणावर छर्‍यांचा नंबर छापलेला असे. दारूची मापे मी येथे देत नाही, आणि कोणी मागूही नयेत. आज परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि अंदाजाने भरलेले काडतूस हा त्याहून मोठा मूर्खपणा आहे.

झाकण बसले की वर सुमारे पाव इंच कागद मोकळा उरतो. तो काठ आत वळवून झाकणावर दाबून बसवायचा, हेच या यंत्राचे काम. मेजाच्या कडेला ते आवळायचे, खोबणीत काडतूस आडवे ठेवायचे, एका हाताने दांडा दाबीत काडतूस पुढे सरकवायचे आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवायची. पुढे एक लहानशी पोलादी वाटी फिरत असते. तिच्या पोटात कागदाचा काठ शिरला की तो चहूबाजूंनी सारखा आत वळत जातो.

सांगायला सोपे आहे. पण एकदा उडालेल्या काडतुसाचे तोंड मऊ आणि कुसकरलेले असते. मामा आधी एक निमुळता खुंटा तापवून, मेण लावून त्या तोंडात फिरवीत. मेण जिरले की कागद पुन्हा ताठ होई. मग दाब आणि फेरे यांचा मेळ. दाब जास्त झाला तर कागद चिरडतो, काडतुसाच्या अंगाला फुगवटा येतो आणि ते नळीत जात नाही. दाब कमी पडला तर काठ नुसता गोल दिसतो, झाकणावर टेकत नाही. काम झाले की मामा तीन गोष्टी पाहत. काठावरून बोट फिरवायचे: कुठे उंचवटा लागता कामा नये. अंगठ्याने झाकण दाबायचे: ते हलता कामा नये. आणि काडतूस कानाशी धरून हलवायचे: छर्रे खुळखुळता कामा नयेत.

एवढा खटाटोप कशासाठी? मला तेव्हा वाटे, छर्रे सांडू नयेत म्हणून. मामांनी समजावले ते निराळेच. दारू पेटली की तिला क्षणभर कोणीतरी अडवून धरावे लागते. अडवले तरच दाब चढतो, दारू पुरती जळते आणि मग छर्रे जोराने सुटतात. मुरड सैल असेल तर सगळा माल आधीच पुढे सरकतो, दारू अर्धीकच्ची राहते आणि बार फुसका जातो.

१९५९ सालची दिवाळी. मी चौदा वर्षांचा. स्वयंपाकघरात मामी करंज्यांना मुरड घालीत होत्या आणि ओसरीवर मामा काडतुसांना. घरात दोन मुरडी एकाच वेळी चालल्या होत्या! तेवढ्यात दारात कोणी आले म्हणून मामा उठले. जाताना म्हणाले, "दोन राहिलीत, तेवढी मुरडून ठेव."

बाहेर पोरांनी फटाके काढले होते. माझे एक लक्ष तिकडे. पहिले काडतूस नीट झाले. दुसऱ्याला मी घाईने चार फेरे दिले, काठ गोल दिसला आणि काढून घेतले. सवयीने कानाशी धरून हलवले. आत बारीकसे खुळखुळले. मी ऐकले. एकाने काय होते, असे मनाशी म्हणालो, ते डब्यात टाकले आणि अंगणात पळालो.

त्याच रात्री मी मामांबरोबर जागलीला गेलो. मध्यरात्र उलटल्यावर ज्वारीत कडकड सुरू झाली. मामांनी नेम धरला आणि चाप ओढला. नेहमीचा कानठळ्या बसवणारा आवाज आलाच नाही. ओल्या भुईनळ्यासारखे नुसते भस्स झाले. डुकरे बिचकली, पण पळाली नाहीत. एक तर वीस पावलांवर तसेच उभे. मामांनी बंदूक मोडून रिकामे काडतूस काढले. दुसरे त्यांच्या हातातच होते. मी कुजबुजलो, "मामा, भरा! लवकर भरा!"

मामांनी ते काडतूस खिशात टाकले. म्हणाले, "थांब. बॅटरी दाखव."

बंदूक मोडलेलीच होती. नळीच्या पुढच्या तोंडाशी मी बॅटरी धरली आणि मामा मागच्या बाजूने पाहू लागले. नळी मोकळी असती तर उजेडाचा वाटोळा ठिपका दिसला असता. दिसला तो काळोख. नमद्याची चकती मध्येच अडकून बसली होती.

वाचकहो, अशा नळीत दुसरा बार टाकला की काय होते ते बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पुढची वाट बंद असते, नळी फुटते. आणि फुटते ती बहुधा तिला खालून आधार देणाऱ्या डाव्या हातापाशी. मामांच्या खांद्याला खांदा लावून मी बसलो होतो.

उरलेली रात्र आम्ही पत्र्याचा डबा बडवून काढली. सकाळी पाहिले तर अर्धा पट्टा आडवा झाला होता. घरी आल्यावर मामांनी गज घालून चकती बाहेर ढकलली, मग डब्यातले एकेक काडतूस कानाशी धरून हलवले. सगळी मुकी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "रातचं तुझ्या हातचं होतं काय?" मी मान हलवली. "खुळखुळलं नव्हतं का रे?"

मी म्हणालो, "नाही, मामा."

ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "करंजी उकलली तर तेल नासतं. हे उकललं तर माणूस जातं." आणि यंत्राची मूठ माझ्याकडे वळवून म्हणाले, "आता यापुढची सगळी तूच करायची." त्या वर्षी ती मी केलीही. एकही खुळखुळले नाही. मामा मात्र मी मुरडलेले काडतूस पुन्हा कानाशी धरून पाहत नसत. हाच विश्वास मला सगळ्यांत जड गेला. ते गेले तोवर खरे सांगायचे धैर्य मला झाले नाही.

पुढे सगळेच पालटले. १९६० साली अमेरिकेत प्लॅस्टिकची काडतुसे बाजारात आली. काठ गोल वळवण्याऐवजी सहा किंवा आठ पाकळ्यांची घडी घालण्याची रीत सगळीकडे रुळली. तिला वरचे झाकण लागत नाही, त्यामुळे छर्‍यांच्या वाटेत काही आडवे येत नाही. पण एकच मोठी गोळी घातलेल्या काडतुसांना जुनी गोल मुरड आजही घालतात. आता वाटी यंत्राच्या बळावर फिरते, घर्षणाने प्लॅस्टिक मऊ होऊन वळते आणि निवले की तसेच राहते. आपल्याकडे १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या कारखान्यानेही बारा बोअरची काडतुसे केली. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपले. ओसरीवरचे ते यंत्र माळ्यावर गेले ते योग्यच झाले.

सूनबाईला मी उत्तर धाडले: "शेवयांचे नव्हे, पण मुरडीचे आहे. पुसून फडताळात ठेव. माळ्यावर जुनी काडतुसे मात्र सापडली, तर हात लावू नकोस, पोरांना तर मुळीच लावू देऊ नकोस. पोलीस ठाण्यात कळव. जुन्या दारूचा भरवसा नसतो."

तिचे लगेच उत्तर आले: "काडतुसे नाहीत. पण काका, मुरड कसली?"

तिला हाच लेख पाठवणार आहे. मामांनी त्या रात्री हातातले काडतूस खिशात टाकले. समोर डुकराने कणसे मोडीत राहावे आणि माणसाने आपल्या हाताला मुरड घालावी, याला केवढे बळ लागत असेल ते मला आज कळते. आणि मामा, तुम्ही विचारले होते म्हणून सांगतो. खुळखुळले होते. मी ऐकले होते.