भोपाळचा कचरा पीथमपूरला आला, कंपनी मात्र आली नाही

2025 च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडमधला 337 टन विषारी कचरा 12 कंटेनरमधून पीथमपूरला आला, तेव्हा इंदूरच्या आपल्या घराघरांत एकच विषय होता: यशवंत सागरच्या पाण्याचे काय होणार? विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि जूनअखेरीस कचरा जाळून झाला. पण खर्च कोणी केला, याची चर्चा आपण फारशी केली नाही. केंद्राने त्यासाठी 126 कोटी रुपये दिले. म्हणजे तुमच्या-आमच्या करातून.

असे का व्हावे? भोपाळची कंपनी भारतीय, पण तिचे निम्म्याहून थोडे अधिक समभाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे. गॅसपीडितांचा दावा न्यूयॉर्कला गेला, तर 1986 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो भारतात चालवा म्हणून परत पाठवला. भारत सरकारने 330 कोटी डॉलर मागितले होते. 1989 मध्ये तडजोड झाली 47 कोटींवर. फौजदारी खटल्यात 2010 मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. अध्यक्ष वॉरन अँडरसन जामिनावर सुटून मायदेशी गेले, ते 2014 मध्ये वारले तरी खटल्याला हजर झाले नाहीत. 2001 मध्ये डाऊने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि जुनी जबाबदारी आपल्यावर येत नाही असे म्हटले. नफा सीमा ओलांडतो, समन्स मात्र विमानतळावरच अडते!

संयुक्त राष्ट्रांची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. बंधनकारक करारासाठी 2014 मध्ये मानवाधिकार परिषदेत ठराव झाला. भारताने बाजूने मत दिले. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान विरोधात गेले. जिनिव्हात वाटाघाटी तेव्हापासून सुरूच आहेत.

आम्हाला अधिक आशा वाटते ती न्यायालयांची. 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झांबियातल्या गावकऱ्यांना, तांब्याच्या खाणीमुळे नदी दूषित झाल्याबद्दल, मूळ कंपनीवर लंडनमध्येच दावा चालवू दिला. ती मूळ कंपनी म्हणजे वेदांत. संस्थापक आपल्याच देशातले! तेव्हा परदेशी कंपनीला नावे ठेवताना हेही ध्यानात असू द्यावे.

भोपाळच्या आवारातली माती आणि भोवतालच्या वस्त्यांचे भूजल यांचा प्रश्न अजून तसाच आहे. जळाला तो फक्त गोळा करून ठेवलेला कचरा.