शेजार आणि बरोबरी

परक्या जातीधर्माची माणसे भेटली, त्यांच्या घरचे जेवण चाखले, त्यांचे सण पाहिले, की मन आपोआप विशाल होते, ही समजूत पुरोगामी वर्तुळात फार जुनी आहे. शिबिरे, सहभोजने आणि आंतरप्रांतीय मेळावे यांच्या मुळाशी तीच असते. तिच्यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. अनुभव माणसाला शिकवतो खरा. पण काय शिकवतो, हे तो अनुभव कोणत्या व्यवस्थेत येतो यावर ठरते.

मुंबईच्या गिरणगावाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कोकणातला, घाटावरचा, उत्तर प्रदेशातला कामगार एका भोंग्यावर उठत होता आणि एकाच दिवशी पगार घेत होता. विविधतेचे शिक्षण देण्यास याहून मोठी शाळा कोणती असणार? परंतु त्याच गिरण्यांतील विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या धोट्याला दलिताचे ओठ लागणे सवर्ण विणकरांना सहन होत नव्हते. विणकाम खात्यातला पगार कताई खात्याहून बरा, हे येथे विसरता येत नाही. विटाळाची भाषा धर्माची होती; तिने राखले ते वरच्या पगाराचे काम. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला, तेव्हा वर्गैक्याच्या घोषणा देणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली.

अशा विणकराच्या मनाचा विचार करावा. तीस वर्षे त्याने दलित कामगाराला रोज पाहिले, पण पाहिले ते नेहमी दुसऱ्या खात्यात, आपल्याहून कमी पगारावर. चाळीत परतला तरी खोली बहुधा त्याच्याच गावकऱ्यांची. ‘त्यांची पायरीच ती’ हा निष्कर्ष त्याने कोणत्या पोथीतून काढला नव्हता. तो त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत होता. म्हणूनच पूर्वग्रह म्हणजे केवळ अज्ञान, असे समजून व्याख्याने देणारा कार्यकर्ता अशा माणसापुढे निरुत्तर होतो. ‘मी त्यांच्यात आयुष्य काढले आहे, तुम्ही मला काय सांगता?’ या प्रश्नाला पुस्तकातून उत्तर मिळत नाही.

उलट, त्याच मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. जाती त्या दिवशी नाहीशा झाल्या नाहीत. परंतु ज्याला खाली पाहण्याची सवय, तोच आज खांद्याला खांदा लावून उभा आहे, हाही अनुभवच होता.

अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी हा फरक मोजून पाहिला आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ८०० तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. कोण कोणत्या जातीच्या खेळाडूंबरोबर खेळणार आणि कोणाविरुद्ध, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, एका संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली आणि स्वजातीला झुकते माप देणे कमी झाले. परस्परांविरुद्ध खेळलेल्यांत आंतरजातीय संबंध बहुतांशी घटलेच. खेळ तोच, मैदान तेच. फरक फक्त नात्याचा.

दिल्लीतील श्रीमंत खासगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. तेथे गौतम राव यांना असे आढळले की, गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरिबांना कमी डावलू लागली. इंग्रजीत किंचित घसरण सोडली, तर त्यांच्या अभ्यासाचे काही बिघडले नाही. पालकांच्या भयाला एवढे उत्तर पुरेसे असावे.

आणि नेमक्या याच जागा आज आटत आहेत. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याकडे गेली. गिरण्या गेल्या. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला; ‘सहकार’ या शब्दाची ही गत पाहण्याची वेळ त्याच्या प्रवर्तकांवर आली नाही, हे एका परीने बरेच झाले. विविधतेचे कौतुक मात्र खाद्यमहोत्सवांतून जोरात चालू आहे. थाळीला शेजारी बसण्याचा हक्क मागता येत नाही, ही तिची सोय.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट, असा नियम केला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेवढ्याने प्रश्न सुटलेला नाही. शुल्काच्या प्रतिपूर्तीची रक्कम थकते, हे शाळाचालकांचे गाऱ्हाणे जुनेच आहे. गणवेश, सहल, स्नेहसंमेलन यांचा खर्च कोणी द्यायचा, हा वाद दरवर्षी निघतो आणि त्यात अवघडून जाते ते मूल. तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी जूनमध्ये केवळ प्रवेश मिळाले की नाही एवढेच न पाहता, ही मुले वर्गात कोणाशेजारी बसतात आणि सहलीला जातात की नाही, याची चौकशी करावी.